सीसीएनए, चिपळूण आणि हातात पडणारा पगार

सीसीएनए, म्हणजे सिस्को कंपनीचं नेटवर्किंगचं सर्टिफिकेट, केल्यावर पगार किती मिळतो, हा प्रश्न मला गावाकडून नेमाने येतो. बारावीचे आणि डिप्लोमाचे निकाल लागले की जरा जास्तच. मी उलट विचारते, पगार देणार कोण? समोरच्याला वाटतं मी आकडा लपवतेय. पण मी ज्या ज्या नोकरीतून गेले तिथे आकडा याच प्रश्नावर ठरला. नवी मुंबईत एकाच भिंतीवरच्या त्याच स्क्रीनकडे रात्रभर बघत बसणारे आम्ही तिघं होतो. तिघांकडेही तेच सर्टिफिकेट. एकाच्या हातात महिन्याला १६,००० पडत, माझ्या २२,००० आणि तिसऱ्याच्या ४५,००० च्या पुढे.

मी चिपळूणजवळच्या एका वाडीतली. रत्नागिरीत ईअँडटीसीचा (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशनचा) डिप्लोमा केला आणि २०१९ मध्ये बाहेर पडले. आमच्या घरात दूरसंचार म्हणजे बीएसएनएल, कारण काका टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. काकांच्या नोकरीवर घरातली दोन लग्नं झाली, घराचा स्लॅब पडला. त्यामुळे बाबांचं म्हणणं ठरलेलं: परीक्षा देत राहा, आज ना उद्या लागशील. पण माझा डिप्लोमा होऊन वर्षही झालं नव्हतं तेवढ्यात तिकडे पन्नाशी गाठलेल्यांसाठी स्वेच्छानिवृत्ती आली. ३१ जानेवारी २०२० ला देशभरातले ७८,००० हून जास्त कर्मचारी एकाच दिवशी बाहेर पडले, त्यांत काकाही. त्यानंतर घरात सरकारी परीक्षेचा विषय निघाला की काका स्वतःच तो दुसरीकडे वळवायचे.

तोवर मी चिपळुणातच एका केबलवाल्याकडे लागले होते. टीव्हीच्या केबलबरोबर त्याने फायबर इंटरनेट सुरू केलं होतं. आम्ही सगळे त्याला दादा म्हणायचो. पगार ११,००० रुपये, रोख. स्लिप नाही, पीएफ नाही. ओळखपत्रावर मात्र ‘नेटवर्क इंजिनीअर’. काम म्हणजे तक्रारी घेणं, ओएलटीवर (जिथून सगळ्या घरांना फायबरमधून प्रकाश जातो त्या यंत्रावर) नव्या ग्राहकाची नोंद करणं आणि लाइनमनला कुठल्या खांबावर चढायचं ते सांगणं.

या कामाला पुढे मुंबई-पुण्यात कोणी अनुभव म्हणून मोजायला तयार नव्हतं, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर सांगते. आमच्याकडे जमीन जांभ्याची. केबल जमिनीखालून न्यायची तर खणण्याचा खर्चच परवडत नाही, म्हणून ती वरून जाते, खांबावरून, माडावरून, कधी कोणाच्या आंब्याच्या फांदीवरून. पावसात फांदी मोडली की पूर्ण वाडीचं नेट बंद. माकडं केबल कुरतडतात ते वेगळंच. गुहागरकडच्या किनाऱ्यालगत खारी हवा क्लॅम्प आणि पेट्या खाऊन टाकते. फायबर काचेचं, त्यातून वीज येत नाही, पण ग्राहकाच्या घरातला डबा विजेच्या प्लगला लावलेला असतो. मृगाचा पहिला गडगडाट झाला की दुसऱ्या दिवशी आमच्या काउंटरवर जळक्या डब्यांची रास.

हिशेब मी तिथेच शिकले. ओएलटीतून प्रकाश निघतो अधिक ३ डीबीएमच्या (प्रकाशाच्या ताकदीचं माप) आसपास. एकाचे बत्तीस करणारा स्प्लिटर टाकला की त्यातच साधारण १७ डीबी जातात. पुढे दर किलोमीटरला थोडे, दर जोडाला थोडे. ग्राहकाकडे उणे २७ च्या खाली गेलं की डब्यावर लाल दिवा. लाइनमन मंडळींना स्प्लिटरमागे आणखी एक स्प्लिटर टाकून नवं घर जोडायची भारी हौस, आणि मग ‘मॅडम, डबा खराब आहे’ म्हणून फोन. डबा चांगला असायचा. तिथे पोहोचायला प्रकाशच उरलेला नसायचा.

मग २२ जुलै २०२१ चा पूर आला. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि तळमजल्यावरची आमची ओएलटी, बॅटऱ्या, फायबर जोडायचं स्प्लायसिंग मशीन सगळं चिखलात गेलं. दादाने कर्ज काढून परत उभं केलं. रॅक या वेळी वरच्या मजल्यावर. दोन महिने आम्हाला अर्धा पगार मिळाला. त्याचं दुकानच बुडालं होतं, त्याला काय बोलणार? पण हिशेब तेव्हा डोक्यात पक्का बसला. मी कितीही चांगलं काम केलं तरी माझा पगार दादाच्या गल्ल्यापेक्षा मोठा होणार नव्हता. ज्याचं नेटवर्क तासभर बंद पडलं तर लाखोंचं नुकसान होतं, अशा कोणाकडे तरी जायला हवं होतं. आणि अशा ठिकाणी माझा अर्ज उघडला जावा म्हणून सीसीएनए हवं होतं. मला त्याचा उपयोग एवढाच वाटत होता. आजही साधारण तेवढाच वाटतो.

ठाण्या-पुण्यातल्या क्लासेसना फोन करून पाहिले. फी ४०,००० पासून पुढे आणि जाहिरातीत शंभर टक्के प्लेसमेंट. प्लेसमेंट म्हणजे काय, विचारलं, तर मुलाखतीची सोय. मी क्लास लावला नाही. सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीतून पॅकेट ट्रेसर, म्हणजे खऱ्या यंत्रांशिवाय नेटवर्क जुळवून बघायचं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं. जुन्या लॅपटॉपवर तेच चालवलं. व्हीलॅन, ट्रंक, स्पॅनिंग ट्री हे स्विचचे विषय आणि ओएसपीएफ, म्हणजे राउटर एकमेकांना वाटा कळवतात ती पद्धत, हे सगळं रात्री जेवणं झाल्यावर. सबनेटिंगला, म्हणजे आयपी पत्त्यांचे गट पाडायच्या हिशेबाला, मात्र मला कधी कागद लागला नाही. पतसंस्थांना आणि डॉक्टरांना /२९ आणि /३० चे स्टॅटिक (न बदलणारे) आयपी मीच वाटत होते. कोणाला सहा पत्ते वापरता येतील आणि कोणाला दोनच, हे रोजचं होतं.

परीक्षेची फी ३०० डॉलर, वर १८ टक्के जीएसटी. २०२२ च्या डॉलरच्या भावाने २८,००० च्या आसपास. म्हणजे माझा अडीच महिन्यांचा पगार. आईने बचत गटातून दोन टक्क्यांनी उचलले. बाबांना सांगताना तिने रक्कम थोडी कमी सांगितली, हे मला नंतर कळलं.

परीक्षा घरूनही देता येते. पण कॅमेरा चालू, खोलीत एकटं, टेबल मोकळं, मध्ये कोणी आलं तर परीक्षा रद्द होऊ शकते. आमच्याकडे दार लावून बसलं की आजी काळजीने हाक मारणारच, आणि महावितरणचा भरवसा कोण देणार? म्हणून पुण्यातलं केंद्र घेतलं आणि एसटीने कुंभार्ली घाटातून कऱ्हाडमार्गे गेले. १२० मिनिटं, आणि एकदा पुढे गेलं की मागच्या प्रश्नाकडे परत येता येत नाही. सवय नसलेल्यांना हेच जड जातं. अभ्यासक्रमात सर्वांत जास्त वजन राउटिंगला आहे, २५ टक्के. ऑटोमेशनला १०, जे आमच्याकडे कोणी धड वाचत नाही. डम्प, म्हणजे परीक्षेतले फुटलेले प्रश्न, विकणारे टेलिग्रामवर ढिगाने आहेत. त्यांच्या नादाने पास झालेले पुढे मुलाखतीत पाचव्या मिनिटाला उघडे पडतात, हे मी आता टेबलाच्या पलीकडे बसून बघते.

पास झाल्यावर फोन यायला लागले, हे मात्र खरं. आधी त्याच बायोडेटाला कोणी विचारत नव्हतं. नवी मुंबईतल्या एका एनओसीसाठी (नेटवर्कवर रात्रंदिवस नजर ठेवणाऱ्या केंद्रासाठी) मुलाखत झाली. पहिला प्रश्न ठरलेला: ओएसपीएफचा शेजारी राउटर एक्सस्टार्टमध्ये, म्हणजे जोडणीच्या अर्ध्या टप्प्यावर, अडकलाय, काय बघशील? दोन्हीकडचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) जुळतोय का ते, म्हटलं. दुसरा प्रश्न होता की लिंक अप दिसतेय पण ग्राहक म्हणतो नेट नाही. यावर मी चांगली पाच-सात मिनिटं बोलले, कारण हेच तर दिवसभर ऐकत होते. समोरच्या सरांनी मग वहीबाहेरचं विचारायला सुरुवात केली: प्रकाश किती येतो, जोड कसा तपासतेस, पुरानंतर आधी काय चालू केलं. बायोडेटात ज्या अनुभवाला कोणी किंमत दिली नव्हती, त्याच्यावर नोकरी मिळाली असं मला वाटतं. एचआरच्या मते ती सर्टिफिकेटवर मिळाली. कागदोपत्री त्यांचंच बरोबर असणार, कारण पगार त्यांनी फ्रेशरचाच लावला.

पॅकेज ३ लाख २० हजार. वाडीत पेढे वाटून झाले आणि ‘महिन्याला पंचवीस-सव्वीस हजार’ असा बोभाटाही झाला. ऑफर लेटरच्या शेवटच्या पानावर जो तक्ता असतो तो माझ्यासाठी काकांनी वाचला. मूळ पगार १२,०००. कंपनीने भरायचा १२ टक्के पीएफ माझ्याच पॅकेजमध्ये धरलेला. ग्रॅच्युइटी त्यातच, विम्याचा हप्ता त्यातच. उरला महिन्याचा २४,०००. त्यातून माझ्या वाट्याचा पीएफ १,४४० आणि व्यवसाय कर २०० गेले की हातात २२,००० आणि थोडे. (२०२३ च्या एप्रिलपासून महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या बायकांचा व्यवसाय कर राज्याने माफ केला, तेव्हा ते २०० सुटले.) घणसोलीत पीजीचे ७,५००, डबा, लोकल-रिक्षा, मोबाइल, आणि बचत गटाचा हप्ता. महिनाअखेर उरायचे ते चिपळुणात घरी राहून उरत होते तेवढेच, कधी त्याहून कमी.

मग गेलीस कशाला, असं बाबांनी सरळ विचारलं. त्यांना दिलेलं उत्तर असं: इथे पीएफ आहे, स्लिप आहे, आणि जी यंत्रं मी फक्त पॅकेट ट्रेसरच्या चित्रात पाहिली ती खरी आहेत. यातलं ‘स्लिप’ त्यांना पटलं.

आजीला पटलं नाही. “रातची ड्युटी म्हंजे नर्सबाय झालीस काय गो?” रात्रपाळी आठवड्याआड होती. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला तिच्या संमतीनेच कामावर ठेवता येतं, आणि तिच्या सुरक्षिततेची व येण्याजाण्याची सोय मालकाने करायची असते. गाडी होती, सोबत रक्षकही असायचा. मुलींनी ऑफर घेताना पाळी भत्ता किती, एवढंच न विचारता गाडी दारापर्यंत येते की हायवेच्या कडेला सोडते, हेही विचारावं. या दोन्हींत फार फरक आहे, आणि तो लेटरमध्ये लिहिलेला नसतो.

एल-वनचं, म्हणजे मी करत होते त्या पहिल्या पातळीचं, काम काय असतं? अलार्म आला की तिकीट काढायचं, लिंक पडलीय की फक्त अडखळतेय ते बघायचं, ठरलेल्या मिनिटांत वरच्याला कळवायचं, फील्डवाल्याला उठवायचं, आणि सकाळी बंद पडण्याचं कारण इंग्रजीत लिहून पाठवायचं. कंटाळवाणं आहे. पण रात्री दोनला केबल तुटल्याचं कळल्यावर फील्डवाला ‘मॅडम, डबा खराब आहे’ म्हणाला की मला हसू यायचं, आणि पुढचे दोन प्रश्न मी बरोबर विचारायचे.

आता ते तिघं. भिंतीवरचं नेटवर्क एका मोठ्या टेलिकॉम कंपनीचं. तिचा स्वतःचा माणूस एक, ज्याचे ४५,००० च्या पुढे. काम चालवण्याचं कंत्राट दुसऱ्या कंपनीकडे, तिच्या पगारावर मी. त्या दुसऱ्या कंपनीने काही खुर्च्या मनुष्यबळ पुरवणाऱ्या तिसऱ्याकडून भरलेल्या, त्यात तो १६,००० वाला मुलगा. संगमेश्वरकडचा होता, कामाला माझ्यापेक्षा सरस. टेलिकॉम कंपनी त्याच्या खुर्चीचे जे पैसे मोजत होती ते वाटेत दोन ठिकाणी थोडे थोडे झिरपत होते, स्प्लिटरमधून प्रकाश जातो तसे. माझी तक्रार पैशापुरती नाही. वर्षाचं कंत्राट बदललं की पुरवठादार बदलायचा, खुर्ची तीच, स्क्रीन तीच, आणि मुलाच्या हातात नवं जॉइनिंग लेटर नव्या तारखेचं. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं सलग नोकरी लागत होती. असल्या नोकरीत ती कधी भरणार? बायोडेटात तीन वर्षांत तीन कंपन्या दिसायच्या आणि पुढच्या मुलाखतीत त्यालाच विचारायचे की तू टिकत का नाहीस.

म्हणून मी पुढची उडी ठरवताना पहिल्यांदा पगाराकडे नाही, तर किती पायऱ्या मध्ये आहेत त्याकडे पाहिलं. दुसरं, काय शिकायचं. सगळ्यांचा सल्ला सीसीएनपीचा, म्हणजे सिस्कोच्या पुढच्या पातळीच्या सर्टिफिकेटचा. मी आधी फायरवॉल (नेटवर्कमध्ये काय आत-बाहेर जाऊ द्यायचं ते ठरवणारी यंत्रणा) धरली. कारण साधं: रात्री बदल करायच्या वेळी मी स्वतःहून थांबायचे, आणि तिथे दिसायचं की राउटरवाले दोन-तीन, आणि फायरवॉलचा नियम लिहिणारा एकच, ज्याची सगळे वाट बघत बसायचे. त्याच्याकडून एसडी-वॅन आणि व्हीपीएन (दूरच्या शाखा सुरक्षितपणे जोडायच्या पद्धती) शिकले. थोडं पायथनही, पन्नास स्विचेसचं कॉन्फिगरेशन एका फटक्यात उतरवून घेण्यापुरतं. अभ्यासक्रमातल्या ऑटोमेशनच्या त्या १० टक्क्यांचा उपयोग तिथे झाला.

२०२४ मध्ये पुण्यातल्या कंपनीत एल-टूची मुलाखत झाली. तांत्रिक भाग सोपा गेला. एचआर मॅडमनी आधीचं पॅकेज विचारलं आणि त्यावर तीस टक्के वाढवून देते म्हणाल्या. हा हिशेब कोकणातून, लहान पगारापासून सुरुवात केलेल्यांना आयुष्यभर मागे ठेवतो. अकरा हजारांवर तीस टक्के चढवत जा, कुठे पोहोचाल? मी म्हटलं, “मॅडम, या जागेसाठी तुम्ही बाहेरून माणूस आणलात तर किती द्याल, तेवढ्यावर बोलू.” त्या नाराज झाल्या. दोन दिवसांनी फोन आला. ६ लाख ८० हजारांवर ठरलं, त्यातला काही भाग वर्षाअखेरच्या कामगिरीवर. हातात महिन्याला ४७,००० च्या आसपास येतात. मध्ये नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड होता, तो नवीन कंपनी थांबली म्हणून निभला. सगळ्याच थांबत नाहीत.

या कंपनीत निम्मा महिना घरून काम करता येतं, म्हणजे चिपळुणातून. अट एकच, दोन वेगवेगळ्या लाइन हव्यात. एक दादाचं फायबर, एक मोबाइलचं डोंगल, आणि इन्व्हर्टर. दादा माझ्या घराला स्प्लिटर जपून लावतो.

मग कोकणातच कायमची का नाही, हेही विचारतात. विचारून पाहिलं. लोटे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात जागा होती, पुरवठादारामार्फत, २०,०००. रॅक उत्तम, पायऱ्या दोन. दादा म्हणाला, २५,००० देतो आणि नवीन जोडण्यांत वाटा. तो मनापासून म्हणाला, पण गल्ला तोच. तिसरी वाट माझ्या एका वर्गमित्राची. त्याने कुठलंच सर्टिफिकेट घेतलं नाही. दापोली-गुहागरच्या रिसॉर्टचं वाय-फाय, दवाखान्यांचे कॅमेरे, शाळांचं बायोमेट्रिक, सगळ्यांची वर्षाची देखभाल त्याच्याकडे. हंगामात त्याची कमाई माझ्यापेक्षा जास्त असते, मी वहीत पाहिलीय. मात्र त्या वहीत उधारीचंही पान आहे. मे महिन्यात बसवलेल्या कॅमेऱ्यांचे पैसे गणपती झाल्यावर मागायचे, तेव्हा मालक म्हणतो दिवाळीत बघू. त्याला ते जमतं, कारण तो समोर जाऊन बसतो आणि चहा पिऊन पैसे घेऊनच उठतो. मला नाही जमणार. ज्याला जमेल त्याने सीसीएनएचे २८,००० वाचवून चांगलं स्प्लायसिंग मशीन घ्यायला पैसे साठवावेत, हे मी दोन मुलांना सांगितलंय. त्यांचे वडील माझ्यावर रागावले.

सीसीएनए तीन वर्षं टिकतं. माझं २०२५ मध्ये संपणार होतं. परत तीच परीक्षा देता येते, किंवा शिक्षणाचे ३० क्रेडिट जमवता येतात, किंवा वरच्या पातळीची एखादी परीक्षा पास झाली की खालचं आपोआप नवं होतं. मी ३५०-४०१ दिली. सीसीएनपी एंटरप्राइझची मुख्य परीक्षा तीच, फी ४०० डॉलर. निम्मी वाट त्यातच चालून होते. दुसरी, विषयाची परीक्षा अजून राहिलीय. फी कंपनी परत देते, पास झाल्यावर, आणि त्यानंतर वर्षभर नोकरी सोडायची नाही या अटीवर. अशी सही करण्याआधी दोन गोष्टी मेलवर लेखी विचारून घ्याव्यात. मध्येच सोडलं तर पूर्ण फी कापणार की उरलेल्या महिन्यांच्या हिशेबाने, ही एक. आणि पावती स्वतःच्या नावाची चालेल की कंपनीच्या जीएसटी क्रमांकाची लागेल, ही दुसरी, कारण पैसे भरल्यावर ती बदलून मागत बसणं फार कटकटीचं असतं.